विंचूदंश : कशावर किती विश्वास ठेवावा

कोकणातल्या लाल विंचवाच्या विषाने लहान मुलाचं हृदय काही तासांत थकतं. रायगड जिल्ह्यातल्या महाडला डॉ. हिंमतराव बावसकरांनी १९८०च्या दशकात रक्तदाबाचं औषध प्राझोसिन वापरलं आणि मृत्यू झपाट्याने घटले. पण ती तुलना जुन्या रुग्णांशी होती. मधल्या काळात इतर उपचारही सुधारतात. म्हणून प्राझोसिनला प्रतिविषाची जोड द्यावी का, हे तपासणारी २०११ साली प्रसिद्ध झालेली त्यांची चाचणी मला मोलाची वाटते. त्यात ७० रुग्ण होते, आणि कोणाला काय द्यायचं ते डॉक्टरांच्या निवडीवर सोडलेलं नव्हतं. प्राझोसिनसोबत प्रतिविष मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण १० तासांत बरे झाले. नुसत्या प्राझोसिनवर ३५ पैकी ८. प्रतिविषाने आराम लवकर पडतो, हे यातून नक्की कळतं. जीव अधिक वाचतात का, हे ठरवायला मात्र ७० रुग्ण फार थोडे.