मोरा, पॅट

मोरा, पॅट : (१९ जानेवारी १९४२ – ). मेक्सिकन वंशाची अमेरिकन कवयित्री, निबंधकार व बालसाहित्यिका. पूर्ण नाव पॅट्रिशिया मोरा. जन्म टेक्सस राज्यातील एल पॅसो येथे. रिओ ग्रँड नदीच्या काठी वसलेल्या या शहरासमोर, पैलतीरावर मेक्सिकोतील ह्वारेस हे शहर आहे. मेक्सिकन क्रांतीच्या धामधुमीत तिचे आजी-आजोबा सीमा ओलांडून एल पॅसोला आले. तिच्या घरी स्पॅनिश व इंग्रजी या दोन्ही भाषा बोलल्या जात. शाळेत मात्र इंग्रजीलाच स्थान होते. त्यामुळे घरातील स्पॅनिश शाळासोबत्यांना कळू नये, असे तिला बालपणी वाटे. तिच्या पुढील लेखनाचे मूळ या अनुभवात आहे.

एल पॅसो येथेच बी.ए. (१९६३) व एम्.ए. (१९६७) झाल्यावर तिने अध्यापन केले. नंतर एल पॅसो येथील टेक्सस विद्यापीठाच्या प्रशासनात व वस्तुसंग्रहालयात तिने काम केले.

चँट्स (१९८४) हा तिचा पहिला काव्यसंग्रह. त्यानंतर बॉर्डर्स (१९८६, म. शी. सीमा), कम्यून्यन (१९९१), आग्वा सांता (१९९५, म. शी. पवित्र जल) इ. संग्रह प्रसिद्ध झाले. वाळवंटी भूप्रदेश, तेथील लोकसमजुती व स्त्रियांचे परंपरागत ज्ञान हे तिच्या कवितेचे प्रमुख विषय होत. दोन्ही समाजांत वावरूनही दोहोंना परक्या वाटणाऱ्या माणसाची कोंडी तिने वारंवार चित्रित केली आहे. ‘एलेना’ या कवितेतील मेक्सिकन माता, मुले इंग्रजी बोलू लागल्याने स्वतःच्याच घरात एकाकी पडते आणि संकोचामुळे दार लावून चोरून इंग्रजीचे धडे गिरवते. मुलांशी असलेले नाते टिकविण्याची ही धडपड मोराने साध्या, बोलीला जवळच्या भाषेत व्यक्त केली आहे. इंग्रजी कवितेत स्पॅनिश शब्दांची सहज पेरणी हे तिच्या शैलीचे वैशिष्ट्य आहे.

‘नेपान्त्ला’ या नावात्ल भाषेतील शब्दाचा अर्थ ‘मधली भूमी’. या नावाच्या निबंधसंग्रहात (१९९३) तिने सांस्कृतिक वारशाच्या जतनाचा विचार मांडला आहे. हाउस ऑफ हाउसेस (१९९७) या कौटुंबिक आठवणींच्या ग्रंथात दिवंगत व हयात आप्तांचे आवाज एका कल्पित घरात एकत्र येतात.

मुलांसाठी तिने विपुल लेखन केले आहे. अ बर्थडे बास्केट फॉर तीआ (१९९२) ही कथा तिच्या लाडक्या मावशीच्या नव्वदाव्या वाढदिवसाच्या आठवणीतून आकारास आली. तोमास अँड द लायब्ररी लेडी (१९९७) ही कथा लेखक व शिक्षणतज्ज्ञ तोमास रिवेरा (१९३५–८४) याच्या बालपणावर आधारलेली आहे. शेतमजुरीसाठी टेक्ससहून आयोवात आलेल्या कुटुंबातील या मुलाला एक ग्रंथपाल स्त्री पुस्तकांचे जग खुले करून देते. हाच मुलगा पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेचा प्रमुख झाला.

मेक्सिकोत ३० एप्रिल रोजी बालदिन साजरा होतो. त्याला ग्रंथवाचनाची जोड देण्याची कल्पना मोराने १९९६ मध्ये मांडली व १९९७ पासून अमेरिकेतील ग्रंथालयांतून ‘बालदिन-ग्रंथदिन’ साजरा होऊ लागला. प्रत्येक मुलास आपल्या घरची भाषा पुस्तकात भेटावी, हा या उपक्रमामागील व तिच्या एकूण लेखनामागीलही आग्रह आहे. बालपणी जी भाषा तिने लपविली, तिलाच साहित्यात मानाचे स्थान देणे हे तिचे महत्त्वाचे कार्य होय.