क्रूझ धक्क्याला लागली, पत्रा चेपला. पुढे काय?

गोव्याच्या क्रूझचं बुकिंग झालं की बोरिवली-मुलुंडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर कुणीतरी हमखास एक जुना व्हिडिओ टाकतं: पांढरंशुभ्र जहाज धक्क्यावर आदळतंय आणि लोक पळतायत. बहुतेक वेळा तो व्हेनिसचा असतो. २ जून २०१९ रोजी 'एमएससी ऑपेरा' तिथल्या धक्क्यावर आणि शेजारच्या पर्यटक बोटीवर आदळलं होतं. काही जण जखमी झाले, जहाज बुडालं नाही. पण खालच्या उत्तरांत 'रामदास' निघतेच, आणि मावश्या-काकांचा उत्साह ओसरतो.

'रामदास'चं प्रकरण मुळातच वेगळं. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. तिच्या पत्र्याला भोक पडलं नव्हतं. ऐन पावसाळ्यातल्या खवळलेल्या दर्यात लाट अंगावर आली, गर्दी एका बाजूला सरकली आणि बोटीचा तोल गेला. बोट कलंडणं आणि जहाजाचा पत्रा चेपणं, या दोहोंचं शास्त्रच निराळं आहे.

धडक बसली की जहाज बुडतंच, हा झाला एक गैरसमज. दुसरा बरोबर उलटा. 'इतक्या हळू तर येत होतं, त्यात काय व्हायचंय?' जहाज धक्क्याला लावताना आडवा वेग सेकंदाला दहा-पंधरा सेंटीमीटरच्या आसपास ठेवायचा असतो. तीस हजार टन वजनाचं जहाज सेकंदाला अर्धा मीटर वेगाने आलं, तर त्यातली ऊर्जा ताशी चाळीसने धावणाऱ्या, पंधरा-पंधरा टनांच्या चार भरलेल्या बेस्ट बसइतकी होते. शिवाय जहाजाबरोबर सरकणाऱ्या पाण्याचा जोर वेगळाच. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. धक्क्यावरचे रबरी फेंडर ती पचवतात, पण ठरावीक मर्यादेपर्यंत. त्यापुढे पत्रा चेपतो नाहीतर धक्का फुटतो.

मग चूक कप्तानाचीच? कधी असते, कधी नसते. बंदरात पायलट वाट दाखवतो, पण हुकमत कप्तानाकडेच राहते. 'पायलट होता, म्हणजे कप्तान सुटला' हेही खरं नाही. मात्र क्रूझ म्हणजे पाण्यावर उभी असलेली दहा-बारा मजली भिंत. वारा बाजूने लागला की ती शिडासारखी ढकलली जाते, आणि ब्रेक तर नसतोच. व्हेनिसला यंत्रणेत बिघाड झाला होता, ओढून धरणाऱ्या टगचा दोरही तुटला.

जखम कुठे झाली, यावर सगळं ठरतं. नाळेचा, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाचा, वरचा भाग पाण्याच्या कितीतरी वर असतो. तिथे पोचा पडला तर जहाज कुरूप दिसतं, इतकंच. पाण्याखाली भोक पडलं तरी आत आडव्या जलरोधक भिंती असतात आणि पाणी एका कप्प्यात अडतं. २०१२ साली इटलीतल्या जिल्यो बेटाजवळ खडकाने 'कोस्ता कॉनकॉर्डिया'चा सुमारे ५३ मीटर पत्रा फाडला. एकामागून एक कप्पे भरत गेले, ३२ जण दगावले. ती धक्क्यावरची घासाघीस नव्हती. पण धक्क्यावरची टक्कर म्हणजे नेहमी किरकोळच, असंही मानू नये. फेब्रुवारी २०१० मध्ये इजिप्तच्या शर्म अल-शेखला 'कोस्ता युरोपा' वाऱ्याने धक्क्यावर आपटलं आणि तीन कर्मचारी मेले. भोक पाण्याच्या वर राहावं म्हणून जहाज मुद्दाम दुसऱ्या बाजूला कलतं केलं होतं. नुसता फोटो पाहणाऱ्याला तेच जहाज बुडतंय असं वाटलं असणार.

धक्क्याचं राहू द्या, किनाऱ्यावर रुतलेलं जहाजसुद्धा पुन्हा निघत नाही, हे तर अंधेरीकरांनी स्वतःच्या डोळ्यांनी खोटं ठरताना पाहिलंय. जून २०११ मध्ये 'विस्डम' जुहूच्या वाळूत येऊन बसलं, जुलैअखेर 'पवित'. कर्मचाऱ्यांनी ओमानजवळ सोडून दिलेलं 'पवित' महिनाभर एकटंच वाहत थेट जुहूच्या किनाऱ्यापर्यंत आलं.  दोन्ही जहाजं पुन्हा पाण्यात ओढली गेली. 'विस्डम'ची रवानगी भंगारातच होती, पण ती आधीपासून ठरलेली. जहाजं मोडणाऱ्या अलंगला ओढून नेतानाच त्याचा दोर तुटला होता.

राहिला शेवटचा संशय: 'वेल्डिंग मारून तसंच पुढे पाठवतात.' वेल्डिंग मारतात, खरंय. पण जहाजाला दर्जा देणाऱ्या संस्थेचा सर्व्हेयर आधी आतलं अस्तर काढायला लावतो, पत्र्यामागच्या फासळ्या वाकल्या का ते बघतो, यंत्राने जाडी मोजतो. वेल्डच्या सांध्यावर लाल रंग लावून पुसतात, वर पांढरा थर फवारतात. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. तात्पुरती दुरुस्ती मान्य झाली तरी पक्की कधीपर्यंत करायची, ती मुदत कागदावर येते. आपल्याकडची अशी संस्था, इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग, पवईत आहे. जहाजांवर देखरेख करणारं नौवहन महासंचालनालय कांजूरमार्गला. त्यांच्या अखत्यारीतले अधिकारी परदेशी झेंड्याचं जहाजसुद्धा दुरुस्तीअभावी बंदरात अडकवून ठेवू शकतात. क्रूझ दोन दिवस उशिरा सुटणार असा मेसेज आला, तर कारण हेही असू शकतं.