हुमणीचा शत्रू असा वाढवतात!

उसाची हुमणी अळी जमिनीतच गाठून मारणारे सूत्रकृमी दुसऱ्या अळीवर वाढवता येतात, हे माहीत आहे? यातली 'हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका' ही जात कोइमतूरची; तिचं शास्त्रीय वर्णन १९९२ मध्ये झालं.

🔹 मेणपतंगाच्या अळ्या ओल्या फिल्टर पेपरवर ठेवून त्यावर सूत्रकृमींचं पाणी सोडतात.
🔹 सूत्रकृमी आत शिरून आपल्या पोटातले जिवाणू सोडतात. अळी साधारण ४८ तासांत मरते, विटकरी होते.
🔹 मेलेल्या अळ्या पाण्याने वेढलेल्या ओल्या कागदावर ठेवतात. काही दिवसांत नवी पिल्लं पाण्यात उतरतात. एका अळीतून लाखाहून जास्तही!

मोठ्या प्रमाणावर हेच काम फर्मेंटरमध्ये, जिवाणू वाढवलेल्या द्रवात होतं.

शेतात मात्र सूत्रकृमी संध्याकाळी आणि ओल असतानाच सोडा. ऊन आणि कोरडी माती त्यांना मारतात.

#जैविककीडनियंत्रण #हुमणी