जिल्ह्याची कलाभूमी (लेखांक ५) : चौफुल्याची बारी, कवठ्याची लेखणी

मागच्या लेखांकात पुण्याची नाट्यगृहं आणि सवाई गंधर्व महोत्सव पाहिला. आज शहराची वेस ओलांडू. शिरूर आणि दौंड तालुक्यांत ज्या कलेवर आजही घरं चालतात, ती कला लावणीची आणि तमाशाची आहे. जिल्ह्याच्या सांस्कृतिक वैभवाची वर्णनं मात्र तिला वगळून लिहिली जातात, आणि हे मला मनापासून खटकतं.

पुणे-सोलापूर रस्त्याने यवत मागे टाकलं की चौफुला येतो. एक फाटा सुप्या-मोरगावकडे, दुसरा केडगाव-न्हावऱ्यावरून शिरूरकडे. रस्त्यालगत कला केंद्रांच्या पाट्या दिसतात. इथे चालते ती संगीत बारी. लोक तिलाही सरसकट तमाशाच म्हणतात, पण फडाचा तमाशा निराळा. फड ट्रकमधून गावोगाव फिरतो, यात्रेत तंबू ठोकतो. त्यात गण, गवळण, बतावणी आणि शेवटी वग. संगीत बारीत वग नाही. बायकांच्या पार्ट्या केंद्रातच मुक्कामाला असतात आणि एकेक पार्टी आपापल्या पाळीला रंगमंचावर येते. बहुतेक पार्ट्यांची मालकीण बाईच असते. वादकांचे पैसे, पोरांच्या शाळा, गावाकडचं घर, सगळं तिच्या गळ्यावर आणि पायांवर.

या कलेचं खरं मर्म बैठकीत कळतं. बाई बसल्या जागी गाते आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा घेते. आधी ती तक्रार असते, मग विनवणी, मग नुसती भुवई उचलून मारलेला टोमणा. शब्द तेच, अर्थ दर खेपेला नवा. पेटीवाला सूर धरून थांबतो, ढोलकीवाल्याची नजर तिच्या हातावर. हात खाली आला की थाप पडते. हिलाच अदाकारी म्हणतात. बैठकीच्या लावणीसाठी आयुष्य वेचलेल्या यमुनाबाई वाईकरांना २०१२ साली पद्मश्री मिळाली, ती याच विद्येची. भूषण कोरगावकरांनी ‘संगीत बारी’ या पुस्तकात या बायकांचं जगणं आणि गाणं आस्थेने मांडलं आहे, जरूर वाचा. एरवी कला केंद्राचं नाव बातमीत येतं ते भांडणाच्या नाहीतर पोलिसांच्या निमित्ताने. तिथल्या गाण्यावर कोणी दोन ओळी लिहीत नाही.

आता शिरूर तालुक्यातलं कवठे येमाई. लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकर या गावचे. फडांना दर हंगामात नवा वग, नवी गवळण, नवी लावणी लागते आणि ती लिहून देणारा माणूस लागतो. मोमीन यांनी दत्ता महाडिकांच्या फडासारख्या नामवंत फडांना वर्षानुवर्षं हा मजकूर पुरवला. हुंडा, व्यसन यांवरही गाणी रचली. राज्य शासनाने त्यांना विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार दिला. २०२१ साली ते गेले. मुसलमान शाहिराने गणपतीचा गण लिहावा आणि तो गावच्या यात्रेत म्हटला जावा, याचं इथे कोणाला नवल वाटत नाही. उत्तर पेशवाईतला शाहीर सगनभाऊही मुसलमानच, आणि दौंडला लागून असलेल्या पुरंदर तालुक्यातल्या जेजुरीचा.

मोमीन यांच्यासारख्यांचे वग फडाच्या वह्यांत राहतात. वही जीर्ण झाली, फड मोडला की वगही जातो. शिरूर किंवा दौंडमधल्या एखाद्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाने या वह्या गोळा करून उतरवून घेण्याचं काम हाती घ्यावं. मुलं त्याच गावांतली आहेत आणि फडात काम केलेली म्हातारी माणसं अजून सांगायला आहेत.

पुढच्या आठवड्यात नारायणगाव : फडांच्या राहुट्या आणि यात्रांच्या सुपाऱ्या.