रस्त्याचा खर्च आधी कसा ताडावा?



गाळप सुरू होण्यापूर्वी आपला शेती विभाग उसाचा अंदाज काढतो. तेव्हा काट्यावर एक मोळीही आलेली नसते. तरी नोंदीचे क्षेत्र घेऊन, आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा असे गट पाडून, मागील हंगामांत त्या त्या गटाला एकरी किती टन पडला यावरून टनेज सांगता येते. रस्त्याचा खर्चही नकाशा पक्का होण्याआधी असाच ताडतात. यालाच संख्याशास्त्रीय अंदाज म्हणतात. नाव जड, पण गोष्ट आपल्या ओळखीची.

आधी कशाला?

खरे अंदाजपत्रक मोजणी आणि आराखडा झाल्यावर होते. खोदाई, खडी, डांबर, काँक्रीट यांची परिमाणे काढायची आणि त्यांना सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीचे दर लावायचे. पण रस्ता करायचा की नाही, तरतूद किती ठेवायची, हे त्याआधीच ठरते. त्या वेळी कोणीतरी सांगतो, “किलोमीटरला इतके लाख धरा.” मग तोच आकडा सगळ्यांच्या डोक्यात बसतो आणि पुढे भांडण होते.

सरासरीचा चकवा

समजा, पूर्वी झालेल्या पाच रस्त्यांना किलोमीटरला 80, 90, 100, 110 आणि 170 लाख लागले. सरासरी आली 110. पण शेवटचा रस्ता खाडीकाठच्या गाळातला होता. तो वगळला तर सरासरी 95. म्हणजे 110 हा आकडा कोरड्या रस्त्याला जास्त आणि गाळातल्या रस्त्याला फारच कमी. आडसाली आणि खोडवा एकाच मापाने मोजावा तसे झाले.

आपली बरीच मुले नोकरीसाठी ठाणे, कल्याण-डोंबिवलीत आहेत, त्यांना हा फरक रोज दिसतो. ठाण्यात एका अंगाला येऊरच्या डोंगराचा कातळ, दुसऱ्या अंगाला खाडी. डोंबिवलीच्या पश्चिमेलाही खाडीच. जमिनीखाली पाण्याचे नळ, गटारे, विजेच्या केबली. त्या हलवायचा खर्च वेगळा. पावसाळ्याचे चार महिने काम जवळजवळ बंद. त्यात रेल्वे आडवी आली की हिशेबच बदलतो. कल्याणचा 1914 सालचा पत्री पूल नोव्हेंबर 2018 मध्ये पाडला. नवा पूल वाहतुकीला खुला व्हायला जानेवारी 2021 उजाडला. गाड्या चालू असलेल्या रुळांवर काम करायचे तर रेल्वे देईल तेवढ्याच वेळात करावे लागते. असा रस्ता साध्या रस्त्याच्या गटात घालून चालणार नाही.

रीत काय?

झालेल्या कामांची वही करावी. लांबी, रुंदी, डांबर की काँक्रीट, मोऱ्या किती, माती कोणती, भूसंपादन लागले का आणि शेवटचे बिल किती, हे लिहावे. अंदाजपत्रकाचा आकडा नव्हे, चुकते केलेले बिल! जुन्या वर्षांचे पैसे आजच्या भावात आणावेत. मग प्रत्येक गोष्टीने खर्च किती हलतो ते गणिताने काढता येते. आज संगणक हे क्षणात करतो. पण वहीत गाळातला एकच रस्ता असेल, तर त्यावरून नियम बांधता येत नाही. कामे जितकी जास्त, तितका भरवसा जास्त.

दुसरे असे, की उत्तर एका आकड्यात मागू नये. “80 ते 115 लाखांच्या दरम्यान” हे उत्तर “97 लाख” यापेक्षा प्रामाणिक आहे. मोजणी झाली की ही दरी कमी होत जाते.

आकडे फुगतात का?

डेन्मार्कमधील संशोधक बेंट फ्लाइव्हब्यर्ग आणि सहकाऱ्यांनी 2002 साली 20 देशांतील 258 वाहतूक प्रकल्पांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहापैकी नऊ प्रकल्पांचा खर्च आधी कमी धरलेला निघाला. रस्त्यांचा खर्च सरासरी 20 टक्क्यांनी वाढला, पूल व बोगद्यांचा सुमारे 34 टक्क्यांनी. चूक नुसती अजाणतेपणी झाली असती, तर काही अंदाज कमी, तितकेच जास्त निघाले असते. पण बहुतेक एकाच बाजूला झुकले, कारण काम मंजूर व्हावे म्हणून आकडा लहान दाखवण्याचा मोह होतो. उपाय एकच: आपल्यासारखीच झालेली कामे काय भावात पडली ते पाहावे.

सभासदांनी काय विचारावे?

ग्रामसभेत असो वा वार्षिक सभेत, रस्त्याचा आकडा पुढे आला की तीन प्रश्न विचारा. हा आकडा कोणत्या झालेल्या कामांवरून काढला? त्या कामांची माती आणि मोऱ्या आपल्यासारख्याच होत्या का? कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती? उत्तर मिळाले तर खुशाल हात वर करा. नाही मिळाले, तर आधी वही मागा. पैसा शेवटी आपल्याच घामाचा आहे.