त्रेसष्ट वर्षांनी झालेली दुरुस्ती

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात लीसबर्ग नावाचे एक लहान शहर आहे. तेथे राहणाऱ्या सॅम्युअल स्नो या वयोवृद्ध माजी सैनिकाची १९४४ सालची शिक्षा ऑक्टोबर २००७ मध्ये रद्द ठरली. सेवानोंदीतील कलंक दूर करावा आणि बुडालेला पगार द्यावा, असाही निर्णय झाला. त्यानुसार पगाराचा धनादेश आला. रक्कम होती ७२५ डॉलर. त्यात व्याजाचा एक सेंटही नव्हता.

ज्यांचे आयुष्य जमाखर्च पाहण्यात गेले आहे, त्यांच्या मनात येथे साहजिकच एक प्रश्न उभा राहतो. दुसऱ्याची रक्कम त्रेसष्ट वर्षे आपल्याकडे ठेवून केवळ मुद्दल परत केले, तर खाते चुकते झाले असे म्हणता येईल काय? स्नो यांच्या प्रकरणात हा प्रश्न पगारापुरता नव्हता, तो नावाचाही होता.

त्या रात्री काय घडले

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेचे लष्कर वर्णभेदाने विभागलेले होते. कृष्णवर्णीय सैनिकांच्या तुकड्या वेगळ्या, बराकी वेगळ्या आणि वाट्याला येणारी कामेही बहुधा अंगमेहनतीची. पश्चिम किनाऱ्यावरील सिएटल शहरात फोर्ट लॉटन हा लष्करी तळ होता. जहाजांवर माल चढविण्या-उतरविण्याचे काम करणाऱ्या कृष्णवर्णीय तुकड्या तेथे मुक्कामाला होत्या आणि पॅसिफिक महासागरातील आघाडीवर जाण्याची वाट पाहत होत्या. विशीच्या उंबरठ्यावरचे स्नो त्यांपैकीच एक.

त्याच तळावर इटालियन युद्धकैदीही ठेवलेले होते. १९४३ च्या सप्टेंबरमध्ये इटलीने शरणागती पत्करल्यानंतर सहकार्यास तयार झालेल्या कैद्यांची कामगार पथके करण्यात आली आणि त्यांना पुष्कळ सवलतीही मिळाल्या. कालच्या शत्रूला मिळणारी मोकळीक आपल्याच देशाच्या सैनिकाला मिळू नये, ही खंत कृष्णवर्णीय जवानांच्या मनात असल्यास नवल नव्हते.

१४ ऑगस्ट १९४४ च्या रात्री या दोन गटांत मोठी मारामारी झाली आणि अनेक जण जखमी झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी गुग्लिएल्मो ऑलिवोत्तो या इटालियन सैनिकाचा मृतदेह गळफास लागलेल्या अवस्थेत आढळला. परक्या देशाचा युद्धकैदी अमेरिकेच्या ताब्यात असताना मारला गेला होता. गुन्हेगार शोधण्याचे दडपण मोठे होते.

लष्कराने ४३ कृष्णवर्णीय सैनिकांना आरोपी केले. सर्वांवर दंगलीचा आरोप आणि तिघांवर खुनाचाही. एवढ्या आरोपींच्या बचावासाठी वकील मिळाले दोन, आणि तयारीसाठी जेमतेम दहा-बारा दिवस. खटला नोव्हेंबर १९४४ मध्ये सुरू होऊन डिसेंबरमध्ये संपला. २८ जण दोषी ठरले. त्यांपैकी दोघांना सदोष मनुष्यवधाबद्दलही दोषी ठरविण्यात आले. सरकारी बाजू मांडणारे होते लेफ्टनंट कर्नल लिऑन जॅवॉर्स्की. हेच गृहस्थ पुढे वॉटरगेट प्रकरणात विशेष अभियोक्ता म्हणून जगप्रसिद्ध झाले.

कपाटात राहिलेला अहवाल

खटला उभा राहण्यापूर्वी लष्कराच्याच महानिरीक्षक विभागातील ब्रिगेडियर जनरल एलियट कुक यांनी या घटनेची स्वतंत्र चौकशी केली होती. तळावरील मूळ तपास किती निष्काळजीपणे झाला, पुरावे कसे जपले गेले नाहीत आणि हाताचे ठसेसुद्धा कसे घेतले गेले नाहीत, यावर त्यांच्या अहवालात कडक ताशेरे होते. हा अहवाल गोपनीय ठरला. तो जॅवॉर्स्कींना उपलब्ध होता, परंतु बचावाच्या वकिलांना पाहू दिला गेला नाही.

व्यापाराच्या भाषेत बोलायचे, तर वादातील एका पक्षाजवळ खतावणी होती आणि दुसऱ्याजवळ कोरी पाटी. अशा स्थितीत लागलेला निकाल बरोबर की चूक, हे ठरविण्याचे साधनच आरोपींच्या हाती नव्हते.

स्नो सुमारे वर्षभर तुरुंगात राहिले आणि त्यानंतर त्यांना लष्करातून अप्रतिष्ठेने बडतर्फ करण्यात आले. ही दुसरी शिक्षा पहिलीपेक्षा जड होती, कारण ती संपणारी नव्हती. परतलेल्या सैनिकांना शिक्षण, घरकर्ज आणि बेकारीभत्ता देणारा प्रसिद्ध कायदा अमेरिकेत जून १९४४ मध्येच झाला होता. त्याच्या आधाराने लाखो सैनिक महाविद्यालयात गेले, घरमालक झाले, मध्यमवर्गात स्थिरावले. अप्रतिष्ठेने बडतर्फ झालेल्याला मात्र हे दार बंद होते. स्नो यांनी झाडलोट आणि किरकोळ दुरुस्तीची कामे करून संसार चालविला. सेवानोंदीतील एका शब्दामुळे एका कुटुंबाच्या भांडवलाची सुरुवातच होऊ शकली नाही.

चूक दुरुस्त करणारे मंडळ

युद्धानंतर अमेरिकेच्या संसदेपुढे एक निराळीच अडचण आली. सेवानोंदीत अन्याय झाला अशी तक्रार करणाऱ्या प्रत्येक सैनिकासाठी स्वतंत्र खासगी विधेयक मांडावे लागे. हे ओझे कमी करण्यासाठी १९४६ च्या कायद्याने नोंदी दुरुस्त करण्याचा अधिकार सैन्यदलांच्या सचिवांकडे सोपविण्यात आला आणि त्यासाठी नागरी सदस्यांची मंडळे अस्तित्वात आली. गणवेशातील अधिकाऱ्यांच्या चुका गणवेशाबाहेरच्या माणसांनी तपासाव्यात, हे या योजनेचे मर्म होय.

या मंडळांची रीत समजून घेण्यासारखी आहे. अर्जाला शुल्क नाही. वकील नेमता येतो, पण नेमलाच पाहिजे असे नाही. सैनिक हयात नसेल, तर त्याच्या वतीने वारस अर्ज करू शकतात. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करावा असा नियम आहे, परंतु न्यायाच्या दृष्टीने आवश्यक वाटल्यास मंडळ ही मुदत माफ करू शकते. त्यामुळेच साठ वर्षांपूर्वीचे प्रकरणही ऐकले जाऊ शकते.

खरी अडचण पुढेच असते. सरकारी दप्तरातील नोंद बरोबरच आहे असे गृहीत धरून मंडळ कामाला लागते, आणि ती चूक असल्याचे दाखविण्याची जबाबदारी सर्वस्वी अर्जदाराची असते. अर्जदार तर ऐंशी वर्षांचा, सोबती निवर्तलेले, आणि कागद सरकारच्याच ताब्यात.

ते कागदही नेहमी शिल्लक असतात असे नाही. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईस येथील राष्ट्रीय सेवानोंद केंद्राला आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सैनिकांच्या फाइली नष्ट झाल्या. १९१२ ते १९६० या काळात लष्करातून सेवामुक्त झालेल्यांच्या सुमारे ८० टक्के नोंदी त्यात गेल्या. त्यांच्या दुसऱ्या प्रती कोठेही नव्हत्या. तेव्हापासून जुन्या सैनिकांची सेवा पगारपत्रके आणि इतर खात्यांतील कागद जुळवून नव्याने सिद्ध करावी लागते. ज्यांनी सेवामुक्तीचा मूळ कागद घरी ट्रंकेत जपून ठेवला, त्यांचे काम सोपे झाले. ज्यांनी तो हरवला, त्यांना स्वतःचेच आयुष्य पुराव्यानिशी मांडावे लागले.

फोर्ट लॉटनच्या आरोपींच्या नशिबाने कुक यांचा अहवाल राष्ट्रीय अभिलेखागारात टिकून राहिला होता. सिएटलचे पत्रकार जॅक हॅमन यांना १९८० च्या दशकात फोर्ट लॉटनच्या दफनभूमीत ऑलिवोत्तोची समाधी दिसली आणि तेथून त्यांचा शोध सुरू झाला. पुढे त्यांनी व त्यांच्या पत्नीने जुनी दप्तरे चाळली आणि तो अहवाल उजेडात आणला. २००५ मध्ये त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. सिएटलचे संसद सदस्य जिम मॅकडरमॉट यांनी हा विषय संसदेत लावून धरला आणि प्रकरण लष्कराच्या नोंद-दुरुस्ती मंडळापुढे आले.

ऑक्टोबर २००७ मध्ये मंडळाने निर्णय दिला. बचावपक्षाला महत्त्वाचा अहवाल नाकारला गेला, तयारीला पुरेसा वेळ दिला गेला नाही, म्हणून खटला मुळातच अन्याय्य होता, असा त्याचा आशय. हा निर्णय प्रथम स्नो धरून चार सैनिकांच्या अर्जांवर झाला. त्या चौघांपैकी निकाल ऐकायला हयात होते ते फक्त स्नो. इतरांच्या कुटुंबीयांनाही अर्ज करण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला.

७२५ डॉलरचा हिशेब

आता पुन्हा त्या धनादेशाकडे वळू. महायुद्धाच्या काळात अमेरिकी लष्करातील साध्या शिपायाचा मूळ पगार दरमहा ५० डॉलर होता. त्या दराने ७२५ डॉलर म्हणजे साडेचौदा महिन्यांचा पगार. मुद्दलाचा आकडा असा ताडून पाहता येतो. चूक होती ती पुढे. रक्कम १९४४-४५ ची आणि ती फेडली १९४४-४५ च्याच आकड्यात.

उदाहरणादाखल द. सा. द. शे. ५ हा दर धरला, तर ७२५ डॉलरवर ६३ वर्षांचे सरळ व्याज सुमारे २,२८४ डॉलर होते, म्हणजे येणे ३,००९ डॉलर. तोच दर वार्षिक चक्रवाढीने लावला, तर येणे १५,६७७ डॉलरच्या घरात जाते. दर कोणता धरावा यावर मतभेद होऊ शकतात. शून्य हा दर मात्र कोणत्याही पेढीवर मान्य होणार नाही.

लष्कराचे उत्तर सरळ होते, व्याज देण्याची तरतूद कायद्यात नाही. नियमाला धरून वागणाऱ्या कारकुनाचा यात दोषही नव्हता. लोकांना मात्र ही रक्कम पाहून संताप आला आणि मॅकडरमॉट आदींनी कायदाच बदलण्याचा आग्रह धरला. ऑक्टोबर २००८ मध्ये दुरुस्ती संमत झाली. कोर्ट मार्शलची दोषसिद्धी रद्द करून नोंद दुरुस्त झाली असेल, तर थकीत रकमेवर व्याज द्यावे, ते वार्षिक चक्रवाढीने आकारावे आणि दोषसिद्धीच्या तारखेपासून रक्कम देईपर्यंत मोजावे, अशी ती तरतूद आहे. व्याज देणे योग्य नाही असे एखाद्या प्रकरणात सचिवांना वाटले, तरच त्याला अपवाद.

या तरतुदीतील ‘दोषसिद्धीच्या तारखेपासून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. चूक उघडकीस आली त्या दिवसापासून नव्हे, चूक झाली त्या दिवसापासून. हिशेबनीस चुकीची नोंद खरवडून काढीत नाही. ती तशीच ठेवून दुरुस्तीची नोंद करतो, कारण लिहितो, आणि तिचा परिणाम मूळ तारखेपर्यंत मागे नेतो. एवढे केल्यावरच खाते जुळते.

उशिरा आलेला कागद

२६ जुलै २००८ रोजी सिएटलमध्ये फोर्ट लॉटनच्या जुन्या मैदानावर समारंभ झाला. योगायोग असा की, लष्करातील वर्णभेद संपविण्याचा अध्यक्ष ट्रुमन यांचा आदेश बरोबर साठ वर्षांपूर्वी, २६ जुलै १९४८ रोजी निघाला होता. लष्कराचे सहायक सचिव रोनाल्ड जेम्स यांनी सैनिकांची व त्यांच्या कुटुंबीयांची जाहीर क्षमा मागितली. स्नो त्यासाठी फ्लोरिडाहून सिएटलला आले होते, परंतु प्रकृती बिघडल्याने त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. सन्मानपूर्वक सेवामुक्तीचा कागद त्यांच्या वतीने मुलाने स्वीकारला. त्यानंतर काही तासांतच स्नो यांनी देह ठेवला. व्याजाची तरतूद झाली ती आणखी तीन महिन्यांनी.

तरीही स्नो भाग्यवान म्हटले पाहिजेत. १७ जुलै १९४४ रोजी कॅलिफोर्नियातील पोर्ट शिकागो येथे दारूगोळा चढविताना भीषण स्फोट होऊन ३२० जण मृत्युमुखी पडले होते. तशाच असुरक्षित स्थितीत पुन्हा काम करण्यास नकार देणाऱ्या ५० कृष्णवर्णीय नौसैनिकांना बंडखोर ठरविण्यात आले. अमेरिकी नौदलाने त्यांना निर्दोष घोषित केले ते १७ जुलै २०२४ रोजी, ८० वर्षांनंतर. तो कागद हाती घ्यायला त्या पन्नासांपैकी एकही हयात नव्हता.

पैशाच्या विलंबाला व्याज लावता येते आणि त्याचा दर कायद्याने ठरविता येतो. माणसाच्या विशीपासून ऐंशीपर्यंतच्या वर्षांना तसा दर नाही. म्हणून चूक मान्य करण्याचे काम ज्यांच्या हाती असते, त्यांच्यावर सर्वांत मोठे बंधन वेळेचे असते. स्नो यांच्या मृत्यूच्या दिवशी त्यांची नोंद दुरुस्त झालेली होती. लष्कराच्या वहीत आता त्यांच्या नावापुढे ‘सन्मानपूर्वक’ हा शब्द आहे, आणि त्यांच्या मुलांना तो कोणालाही दाखविता येतो.