दुखत नाही म्हणून थांबू नका

गाय व्याली की आपले सारे लक्ष वारेकडे असते. बारा तासांत वार पडली नाही तर आपण जनावरांच्या डॉक्टरांना बोलावणे धाडतो. घरच्या सुनेच्या वारेची आठवण मात्र बाळ जन्माला आल्यावरच होते. काही बायकांच्या बाबतीत ही आठवण त्याआधी चार महिने व्हायला हवी असते. शेतीखात्याच्या माणसाने या विषयात का पडावे, असे कोणी म्हणेल. ते पुढे ओघात येईलच.

गाईची वार पिशवीला शंभराच्या आसपास गुंड्यांनी जागोजाग धरलेली असते. बाईची वार एकच, भाकरीसारखी गोल, भरल्या दिवसांत अर्ध्या किलोच्या आसपास वजनाची. बाळाचे सगळे पोषण तिच्यातून होते. ती बहुधा पिशवीच्या वरच्या अंगाला किंवा बाजूला चिकटते. पण दोनशे गरोदर बायकांत साधारण एकीची वार अगदी खाली, पिशवीच्या तोंडावर किंवा तोंडाला लागून बसते. बाळाच्या बाहेर येण्याच्या वाटेवरच ती आडवी पडलेली असते. डॉक्टर याला प्लासेंटा प्रिव्हिया म्हणतात. आधीचे बाळंतपण सिझेरियनने झालेले असेल, पिशवी साफ केलेली असेल, जुळी असतील, वय पस्तिशीच्या पुढे असेल किंवा बरीच बाळंतपणे झालेली असतील, तर हा धोका वाढतो. यांपैकी काहीही नसतानाही तो येऊ शकतो.

शेवटच्या तीन महिन्यांत पिशवीचा खालचा भाग ताणला जाऊन पातळ होतो. वार तशी ताणली जात नाही. मग तिची कड सुटते आणि उघड्या पडलेल्या शिरांतून लालभडक रक्त येते. कळ नाही, पोट दुखत नाही, आणि माणसे नेमकी इथेच फसतात. पहिल्या वेळचे रक्त बहुधा बेताचे असते, आपोआप थांबते, आणि घरचे म्हणतात, "उष्णता पडली, होईल बरे." दुसऱ्या वेळी किती जाईल आणि ती वेळ कधी येईल, हे कोणालाच सांगता येत नाही. ठिबकवाल्यांना समजेल असा हिशोब सांगतो. भरल्या दिवसांत पिशवीकडे मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त जाते. ताशी 4 लिटरचा ड्रिपर तासाभरात जेवढे पाणी सोडतो, तेवढे रक्त तिकडे आठ मिनिटांच्या आत पोहोचते. आणि बाईच्या सबंध अंगात रक्त असते ते पाच लिटरच्या आसपास.

हे कळले ते एका घरामुळे. 2019 च्या ऑक्टोबरअखेर परतीच्या पावसाने सोयाबीनच्या गंजी भिजल्या, शेंगांना मोड आले, आणि आम्ही पंचनाम्यांसाठी गावोगाव फिरत होतो. एका शेतात म्हातारा एकटाच भेटला. मुलगा, सून आणि म्हातारी दीड महिन्यापासून जिल्ह्याच्या गावी खोली घेऊन राहिली होती. ऐन सुगीत तिघे गाव सोडून का गेले, म्हणून मी विचारले.

पितृपंधरवड्यात पहाटे सडा घालताना सुनेच्या अंगावरून रक्त गेले होते. सातवा महिना संपत आलेला, पहिले बाळंतपण सिझेरियनचे. अर्ध्या तासात रक्त थांबले, दुखणे काहीच नव्हते. सोयाबीन काढून मग जाऊ, असे पुरुषांचे मत पडले. म्हातारीने ऐकले नाही. "पीक दरसाल येतं," एवढेच बोलून तिने 108 ला फोन लावायला लावला. तालुक्याच्या दवाखान्यात सोनोग्राफी झाली. वार पूर्ण तोंडावर होती. तिथे रक्तपेढी नव्हती, म्हणून त्यांनी जिल्ह्याला पाठवले.

बारा दिवस सून दवाखान्यात होती. घर 52 किलोमीटरवर, वाटेत ओढा. डॉक्टर म्हणाले, घरी सोडणार नाही, समोर खोली मिळत असेल तर पाहा. खोली मिळाली. मुलगा स्वयंपाक करायला शिकला. त्याच्या भाकरीचा विषय निघाला की म्हातारी अजून हसते. गावाकडे एक गाय चुलतभावाकडे दिली, दुसरीची धार म्हातारा काढी. चार वर्षांची मोठी मुलगी आजोळी ठेवली, ती फोनवर यायचे नाव घेत नसे. शेत शेजाऱ्यांनी सावडीने काढून दिले आणि ते सारे पावसात गेले. त्या सुनेशी पुढे बोलणे झाले. खोलीतले दिवस कसे गेले विचारल्यावर म्हणाली, "काम नाही याचं काही वाटलं नाही. पण रात्री कूस बदलली की आधी हात साडीकडं जायचा, ओली तर नाही ना म्हणून." आठव्या महिन्याच्या मध्यावर रात्री दोन वाजता साडी ओली झालीच. पाच मिनिटांत ती दवाखान्यात होती. दोन बाटल्या रक्त चढले. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, दिवस भरण्याच्या महिनाभर आधी, डॉक्टरांनी ठरवून सिझेरियन केले. मुलगी झाली, सव्वादोन किलोची. ती 52 किलोमीटरवर असती तर काय झाले असते, हे त्या घरात कोणी बोलत नाही.

आता तुमच्या घराचे पाहू. पाचव्या महिन्यात सोनोग्राफी होते, तिच्या कागदावर वार कुठे आहे ते लिहिलेले असते. मुलगा की मुलगी हे सांगण्यास 1994 च्या कायद्याने बंदी आहे. वारेची जागा विचारण्यास कसलीही बंदी नाही, ती जरूर विचारा. वार खाली आहे असे कळले तर लगेच घाबरूनही जाऊ नका. पिशवी वाढते तशी वार तोंडापासून दूर सरकते, आणि पाचव्या महिन्यात खाली दिसलेल्या दहांपैकी नऊजणींची पुढे वर गेलेली आढळते. म्हणून बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा सोनोग्राफी सांगतात. ती चुकवू नका. आधी सिझेरियन झालेले असेल तर अधिकच सावध राहावे. जुन्या टाक्याच्या जागी वार मुळासारखी आत रुतून बसू शकते. वार तोंडावर आणि आधी एक सिझेरियन, अशा शंभरजणींत दहा-अकराजणींना हे होते. मग बाळंतपणात वार सुटत नाही, प्रसंगी पिशवीही काढावी लागते. अशा बाईचे बाळंतपण मोठ्या रुग्णालयातच व्हावे.

वार खाली असलेल्या बाईची आतून बोटाने तपासणी कोणालाही करू देऊ नये. नुसत्या बोटानेही रक्ताची धार लागू शकते. जुन्या जाणत्या सुईणींचा मला आदर आहे, पण इथे त्यांचे काम नाही. पतिपत्नींनी अंतर राखावे. हंडे, गवताचे भारे, खुरपणी बंद. रक्त दिसले की ते थांबण्याची वाट न पाहता निघावे. आणि रक्ताबरोबर पोट दगडासारखे घट्ट होऊन दुखत असेल, तर वार जागेवरच सुटू लागलेली असू शकते. तेव्हाही तितकीच घाई.

रक्ताची तजवीज आधी करावी, असे सांगितले की लोक म्हणतात, वेळेला गावची पोरे देतील की! पोरे देतील, पण दिलेले रक्त तपासण्या झाल्याशिवाय चढवता येत नाही. म्हणून सातव्या महिन्यातच सुनेचा रक्तगट कार्डावर लिहून घ्या आणि रक्तपेढीत बोलून ठेवा. गट निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, तिला वेगळे इंजेक्शन लागते. लोहाच्या गोळ्या रोज, चुकवता नये. अंगात रक्त कमी असलेली बाई थोडा स्रावही सोसू शकत नाही.

सरकारी दवाखान्यात 2011 पासून गरोदर बाईचे बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त, तिथले जेवण आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे. 108 ची गाडी महाराष्ट्रात 2014 पासून आहे. खर्च उरतो तो खोलीचा आणि घरच्या माणसांच्या खोळंब्याचा. तो थोडा नाही, हे मी जाणतो.

एक गोष्ट घराघरांत ऐकू येते, ती लिहिल्यावाचून राहवत नाही. ग्रहणात बाहेर गेली होती, पपई खाल्ली, उंबऱ्यावर बसली, म्हणून असे झाले, असे बाईला ऐकवतात. वार कुठे बसते ते पहिल्या महिन्यातच ठरते, तेव्हा अनेकींना दिवस गेल्याचेही कळलेले नसते. त्यात तिचा काहीही दोष नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी माता-बाल संरक्षण कार्ड आणि सोनोग्राफीचे कागद कोपीवर बरोबर न्यावेत. शेवटचे तीन महिने आणि वार खाली, असे असेल तर त्या बाईने यंदा जाऊ नये. मुकादमाशी बोलणे आताच, उचल घेण्याआधी करावे. बाकीच्यांनी येत्या 9 तारखेला, गरोदर मातांच्या तपासणीच्या दिवशी, कागद घेऊन आरोग्य केंद्रात जावे. आशाताईला आदल्या दिवशी सांगून ठेवले तर ती बरोबर येते.